गुरुजींचा पहारा

"मॅडम, तिकडं माझं कुणीच नाही. तरी पहाटे चारला उठून बघतो, काय झालं म्हणून. डोकं फिरायला लागलंय का माझं?"

मी समुपदेशक, जगात कुठं काही पेटलं की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. बातम्या बघवत नाहीत, बंदही करवत नाहीत, झोप गेली, आणि आपण इथं सुखात जेवतोय याची लाज वाटते. पण इतक्या सरळ शब्दांत तो मला पहिल्यांदा विचारला लातूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही तेच म्हणेन.

रविवार, 27 फेब्रुवारी 2022. गुरुवारी रशियानं युक्रेनवर हल्ला केला होता. आदल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं ज्वारीची पेरणी लांबलेली, म्हणून गुरुजींच्या बहिणीच्या शेतात फेब्रुवारी सरताना शेवटचा हुरडा होता. सकाळची थंडी अजून अंगाला लागत होती. आगटीतून कणसं निघत होती, बहीण गरम कणसं तळहातावर चोळून पोराबाळांना दाणे देत होती. गुरुजींच्या एका हातात हुरडा, दुसऱ्यात मोबाइल. हुरडा गार झाला. मग ते एकदम म्हणाले, "कीव्हमधे लोक लेकरं घेऊन मेट्रोच्या स्टेशनात झोपलेत अन् आपण इथं हुरडा खातोय."

सगळे गप्प. बहीण म्हणाली, "मग काय, विझवू का आगटी?"

दुसऱ्या दिवशी भाचीनं त्यांना माझ्याकडे आणून सोडलं.

आता माझी चूक सांगते. लातुरात कुणी पहाटे चारला जागं होतं म्हटलं की माझं मन थेट किल्लारीला जातं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. मी आवाज हळू केला आणि विचारलं, भूकंपाच्या रात्री तुम्ही कुठं होतात?

"धुळ्याला. नोकरीला होतो. सकाळी रेडिओवर कळलं."

"मग चारला जाग कशानं येते?"

"लघवीला."

पुस्तकं वाचून वाचून आम्हाला प्रत्येक दुखण्याखाली जुनी जखम दिसायला लागते, त्यावर हा चांगला उतारा होता. साखर आणि प्रोस्टेट दाखवून घ्या, एवढं सांगून मी पुढं गेले. खरी अडचण लघवीहून परत आल्यावर सुरू व्हायची. उशाखालचा मोबाइल हातात यायचा. तासभर हल्ल्यांचे व्हिडिओ, लाल बाणांचे नकाशे, मग अणुयुद्ध झालं तर किती जण मरतील याची चर्चा. उजाडेपर्यंत डोळा नाही.

"समजा, नाही बघितलं तर?"

ते जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "कुणीतरी जागं राहायला पाहिजे असं वाटतं. पूर्वी गावात जागल्या असायचा ना, तसं."

"जागल्या चोर दिसला की हाळी तरी देतो. तुम्ही कुणाला देता?"

"व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो," म्हणाले, आणि स्वतःच हसले. एवढ्यात पहिल्यांदा हसत असावेत.

डोकं वगैरे काही फिरलेलं नव्हतं. बघत राहिलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि शरीर त्या पहाऱ्याची किंमत मोजत राहतं. 2013 मधे बोस्टनच्या मॅरेथॉनमधे स्फोट झाले, त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी अमेरिकेत लोकांची पाहणी झाली. स्फोटानंतरच्या आठवड्यात दिवसाला सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या पाहिलेल्यांनी सांगितलेला ताण हा प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला. गुरुजींना हे सांगितलं तर ते तडकले. "म्हणजे डोळे झाकून घ्यायचे?"

अजिबात नाही. ज्यानं आयुष्यभर पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं त्याला 'बातम्या बघू नका' सांगणं हा अपमानच. मी त्यांना काळजीची वेळ ठरवायला सांगितली. ही युक्ती जुनी आहे, 1983 मधे थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची, एरवी आली तर तिला त्या वेळेवर ढकलायचं. गुरुजींनी लगेच वेळापत्रक आखलं. साडेसहा ते सात, विषय युक्रेन. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी. पहिल्या दोन रात्री स्वयंपाकघरात जाऊन बघितलंच म्हणे, पण तिथं फरशी गार, उभं राहून किती वेळ बघणार.

(हे सगळ्यांना पुरत नाही. जेवण तुटलं, छाती धडधडायची थांबेना, दोन-दोन आठवडे झोपच नाही, तर वेळापत्रकात अडकू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.)

बोलता बोलता कळलं की काकूंनी शनिवारीच सूर्यफूल तेलाचा 15 किलोचा डबा आणून ठेवला होता. तेव्हा आपलं सूर्यफूल तेल मोठ्या प्रमाणात युक्रेनहून यायचं, भाव भडकणार हे त्यांनी बरोबर ताडलं. डबा आणला आणि रात्री घोरत झोपल्या. गुरुजींना त्याचाच राग. मला मात्र त्या डब्यावरून एक प्रश्न सुचला. "तुमच्या ओळखीत तिकडं कुणाचं कुणी आहे?"

होतं. तीन गल्ल्या पलीकडे. त्यांच्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होता.

"जाऊन आलात?"

"कसं जाऊ? काय बोलू तिथं?"

"काही बोलू नका."

ते बुधवारी गेले, 2 मार्चला. त्याच दिवशी आपल्या दूतावासानं खारकीव्हमधल्या भारतीयांना ताबडतोब शहर सोडायला सांगितलं होतं. गाडी मिळाली नाही तर पायी शहराबाहेरचं पेसोचिन गाठा, पण संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पडा. पुढच्या सोमवारी गुरुजींनी मला त्या घरातलं सांगितलं. टीव्ही बंद, वर रुमाल टाकलेला. बापाच्या मांडीवर मोबाइल. पोरगा बॅटरी वाचवायला तीन-चार तासांनी एक ओळ पाठवायचा, 'चालतोय', 'पोचलो'. आई म्हणाली, "गुरुजी, बरं झालं आलात, एवढे हरभऱ्याचे घाटे सोलू लागा." दोन तास ते सोलत बसले. युद्धाचा शब्द कुणी काढला नाही. निघताना बाप फाटकापर्यंत आला आणि उद्या या म्हणाला. उद्या गेले, परवाही गेले.

"पोरगा पोलंडात पोचलाय आता," गुरुजी म्हणाले. मग वही काढली, त्यात वेळापत्रक होतं, तीन चौकोन कोरे.

"मॅडम, त्या तीन दिवशी साडेसहाचा तास बुडाला. भरून काढावा लागतो का?"