आम्ही न्यू जर्सीत आहोत, अमेरिकेतला पहिलाच हॅलोवीन आहे, ४ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी यांच्यासोबत घरच्या घरी कुठल्या सोप्या क्राफ्ट करता येतील?

मुलगा ४ चा आणि मुलगी ७ ची म्हणजे दोघांना एकत्र बसवता येईल असं मस्त वय आहे. आम्हीही तुमच्यासारखेच न्यू जर्सीत आहोत आणि आमच्याकडे क्राफ्टचं खातं दरवर्षी माझ्याकडेच असतं, त्यामुळे जरा भरभरून लिहितोय.

आधी एक सांगतो. ऑनलाइन जे फोटो दिसतात ना, सुबक कापलेली वटवाघळं, ग्लू गनने चिकटवलेल्या जाळ्या वगैरे, ते सगळं मोठ्या माणसांचं काम असतं, पोराच्या वाट्याला फक्त दोन डोळे चिकटवणं येतं आणि ते पाच मिनिटांत उठून खेळायला जातं. मी निवडताना एवढंच बघतो की पहिल्यापासून शेवटपर्यंत किती काम मुलाच्या हातनं होणार. भूत तिरकं झालं तर तिरकंच लावायचं, ती झोपल्यावर आपण गुपचूप सरळ करायचं नाही, सकाळी त्यांना लगेच कळतं.

माझी सगळ्यात आवडती म्हणजे दुधाच्या कॅनची भुतं. इथे दूध गॅलनच्या प्लास्टिक कॅनमध्ये येतं, त्यातला पांढरट, उजेड आरपार जाईल असा जो कॅन असतो तो घ्यायचा. आत्तापासून रिकामे कॅन साठवायला लागा, साबण आणि गरम पाण्याने धुवून झाकण काढून नीट वाळू द्या नाहीतर दुधाचा वास राहतो. मग मुलांना जुने टीशर्ट घालायचे (पर्मनंट मार्कर कपड्यावरून जात नाही) आणि काळा मार्कर हातात देऊन सांगायचं, काढा तोंड. एक रडकं, एक हसरं, एक दात विचकणारं, जे सुचेल ते. तुमचं काम एवढंच की मागच्या बाजूला खाली कटरने एक भोक पाडायचं आणि दिवाळीची एलईडी माळ असेल ती आत सोडायची, तीन-चार कॅन ओळीत ठेवले तर एकच माळ सगळ्यांतून फिरवता येते. तळाशी मूठभर खडे टाका म्हणजे वाऱ्याने उडणार नाहीत. बाहेर ठेवणार असाल तर माळ बाहेर वापरायचीच आहे ना ते पाकिटावर बघून घ्या. अंधार पडल्यावर हे पायऱ्यांवर इतकं सुंदर दिसतं की शेजारी थांबून विचारतात, आणि मुलं स्वतः सांगतात की आम्ही केलंय.

दुसरं, मेपलच्या पानांची भुतं. ऑक्टोबरअखेर इथे पानांचा सडा असतो, मुलांना पिशवी देऊन गोळा करायला लावा, रात्रभर वर्तमानपत्रात घालून जड पुस्तकाखाली दाबून ठेवा म्हणजे कडा वळत नाहीत. दुसऱ्या दिवशी पांढरा ॲक्रिलिक रंग लावायचा, देठ वरच्या बाजूला धरलं की आपोआप डोकं, दोन हात आणि खाली निमुळती शेपटी दिसते, वाळल्यावर काळे डोळे काढायचे. दोऱ्याला बांधून खिडकीत लावा. खर्च जवळपास काही नाही.

४ वर्षांच्या मुलासाठी ममी करा. टॉयलेट पेपरचा आतला पुठ्ठ्याचा रोल आणि जुन्या पांढऱ्या बनियनच्या फाडलेल्या पट्ट्या, रोलला ग्लू फासून पट्ट्या गुंडाळत जायचं, मध्ये डोळ्यांपुरती फट ठेवायची. गुंडाळणं हे या वयाला फार आवडतं आणि बोटांनाही चांगला व्यायाम होतो. आणि हाताच्या ठशांचा कोळी तर दोघांनाही जमेल, अंगठा सोडून दोन्ही तळव्यांना काळा रंग लावायचा आणि तळवे एकमेकांवर येतील असे ठसे उमटवायचे, बोटं दोन बाजूंना. चार आणि चार, बरोबर आठ पाय. मुलीला मोजायला लावा.

अंड्यांच्या ट्रेची वटवाघळंही करतात, तीन खळगे सलग कापून काळे रंगवायचे, पण पुठ्ठा कापायला जड जातो त्यामुळे ते कात्रीकाम तुम्हालाच करावं लागेल.

आता भोपळा, कारण त्याशिवाय मुलं ऐकणारच नाहीत. माझं स्पष्ट मत, धाकट्याला कोरायला देऊ नका, त्याला छोटा भोपळा आणून रंगवायला द्या. न कोरलेला भोपळा कितीतरी दिवस टिकतो, कोरलेला मात्र थोड्याच दिवसांत मऊ पडतो आणि बुरशी धरते, शिवाय खारी कुरतडतात, म्हणून कोरायचा असेल तर ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या, एक-दोन दिवस आधीच कोरा. मुलीला त्यावर मार्करने तोंड काढू द्या, आतला गर आणि बिया चमच्याने तिलाच काढू द्या, कापायचं तेवढं तुम्ही. स्वयंपाकाची सुरी घेऊ नका, सटकते, दुकानात भोपळ्यासाठीची छोटी दातेरी करवत मिळते ती घ्या. आणि भोक वरून देठाकडून पाडण्यापेक्षा तळाला पाडा, मग दिवा जमिनीवर ठेवून भोपळा त्याच्यावर नुसता ठेवता येतो.

बिया टाकू नका. धुवून पुसून, थोडं तेल, मीठ, तिखट लावून ३०० फॅरेनहाइटला अर्धा तास ओव्हनमध्ये, मध्ये एकदा हलवून. पण कोरायच्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका, त्याचा गर पाणचट आणि रेषाळ असतो, त्यासाठी शुगर पंपकिन म्हणून छोटा भोपळा मिळतो तो आणा.

मुलगी विचारेलच की भोपळाच का. तिला सांगा की आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये आधी सलगम कोरून दिवे करायचे, तिथली माणसं अमेरिकेत आली तेव्हा इथे भोपळा भरपूर मिळत होता, मोठाही आणि कोरायला सोपाही. आमच्याकडे हे ऐकून सलगम कोरून बघायचाच हट्ट झाला होता, आणि तो खरंच दगडासारखा कडक असतो.

दिव्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. मेणबत्तीऐवजी बॅटरीचे छोटे दिवे वापरा हे सगळेच सांगतात, पण त्यात बटण सेल असतो आणि तो मुलाने गिळला तर घशाला आतून भाजतं, जिवावर बेततं. दिव्याच्या तळाचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघूनच घ्या, नखाने उघडणारं असेल तर घेऊच नका. चिकटवायचे डोळेही घरी अगदी लहान पाहुणा येणार असेल तर उचलून ठेवा.

सामानासाठी मोठे किट घेऊ नका. काळा आणि केशरी कार्डपेपर, ग्लू, रंग, बाकी सगळं घरातलंच. दिवाळी इथे याच सुमारास येते, २०२४ मध्ये तर लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन अगदी खेटून आले होते, त्यामुळे आम्ही आकाशकंदिलाचा कागद आणि हे सामान एकदमच आणतो आणि एकाच टेबलवर दोन्ही चालू असतं.

आणि वेळ उरला तर एक भोपळा निळसर हिरव्या रंगात रंगवून दारात ठेवा. इथे त्याला टील पंपकिन म्हणतात, २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली. हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलं घरोघरी खाऊ मागायला येतात, तेव्हा या भोपळ्याचा अर्थ असा की या घरी खाऊशिवायच्याही वस्तू मिळतात. माझ्या धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, चॉकलेटांनी भरलेल्या पिशवीतलं बरंचसं त्याला खाता येत नाही, त्यामुळे असा भोपळा दिसला की तो पळतच त्या दाराकडे जातो. वाडग्यात स्टिकर, पेन्सिली, अंधारात चमकणारी कडी, उसळणारे छोटे चेंडू असं काहीही ठेवा, फक्त चॉकलेटचा वाडगा वेगळा ठेवा, एकात मिसळू नका. चेंडू ३ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, त्यांच्यासाठी स्टिकर बरे.