खाणीचा सर्व्हे करणाऱ्या दोस्ताला

प्रिय दोस्ता,

पारसिकच्या डोंगररांगेतल्या दगडखाणीभोवतीच्या प्राणी-पक्षी-झाडांच्या सर्व्हेसाठी तू आखलेला नकाशा पाहिला. नोंदी घ्यायच्या सगळ्या जागा हिरव्या पट्ट्यात आणि खाण कोरी! सुरुवात खाणीपासूनच कर.

काम थांबलेला जुना कडा आधी बघ. शृंगी घुबड घरटं बांधत नाही, कपारीच्या उघड्या दगडावरच अंडी घालतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. त्यामुळे काटक्या शोधू नकोस. कड्यावरून उतरलेले विष्ठेचे पांढरे ओघळ शोध, आणि खाली उंदरांची हाडं-केस असलेल्या ओकलेल्या गोळ्या. निरीक्षण समोरच्या काठावरून, दुर्बिणीने. अंड्यांची नेमकी जागा जाहीर यादीत टाकायची नाही. वरची माती काढून रचलेल्या ढिगाच्या उभ्या कडेत वेडे राघू उन्हाळ्यात बिळं करतात. तिथे नुसती संख्या लिहून भागत नाही. पिल्लं उडेपर्यंत ढिगाच्या त्या कडेला पोकलेन लावू नये, हे महिन्यांसकट लिही. खाणवाल्याला अमलात आणता येईल अशी हीच एक ओळ असते.

सस्तन प्राण्यांसाठी डंपरचा रस्ता सोन्यासारखा. पहिला डंपर आणि पाण्याचा टँकर यायच्या आत पोहोच. रात्रभर बसलेल्या बारीक भुकटीत मुंगूस, रानमांजर, कधी बिबट्या, सगळे ठसे सोडून गेलेले असतात. शेजारी पट्टी ठेवून सरळ वरून फोटो घे. मांजरवर्गाच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. आणि खाणीवर कुत्री भरपूर.

झाडांची पद्धत तुला येतेच: झाडांना 10×10 मीटरचा चौकोन, झुडपांना 5×5, गवताला 1×1. खोडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर, आणि उतारावर ती उंची वरच्या बाजूने मोजायची.

चौकोन कुठे टाकायचे, इथे मात्र बहुतेकांचं चुकतं. आपल्याकडे दुपारी खाडीवरून पश्चिमेचा वारा येतो, हिवाळ्यात पहाटे तो बऱ्याचदा पूर्वेकडून असतो. धूळ दोन्हीकडे जाते, म्हणून क्रशरच्या, म्हणजे दगड फोडणाऱ्या यंत्राच्या, दोन्ही बाजूंना चौकोनांची रेषा हवी: त्याच्यापासून 100, 250, 500 मीटर आणि 1 किलोमीटरवर. तुलनेची जागा त्याहून लांब, पण उताराची दिशा तीच असलेली. नाहीतर उन्हाने झालेला फरक धुळीच्या नावावर खपतो.

पक्षी मोजताना क्रशर चालू असेल तर कानावर विसंबू नकोस. शिंपी, सातभाई तिथे असतात; त्यांचा आवाजच पोहोचत नाही. प्रत्येक ठिकाणी 10 मिनिटं, ठिकाणांत किमान 200 मीटर अंतर, आणि तीच फेरी क्रशर बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत.

खाणीच्या पर्यावरण अहवालांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. चालते म्हणून तेवढ्यावर थांबू नकोस. जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर रात्री डंपरच्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यात बेडूक अंडी घालतात. खोल खड्ड्यात नव्हे, या उथळ डबक्यांत टॉर्च मार. सोनकी, तेरडा, रानहळद यांची जागाही पावसातच कळते. मार्चमध्ये तिथे फक्त तपकिरी उतार दिसेल. पावसात काठाजवळ उभं राहायचं नाही, मुरूम सुटलेला असतो. सुरुंगाची वेळ ब्लास्टरकडून आदल्या दिवशी विचारून घे, आणि भोंग्याआधीच 500 मीटरच्या बाहेर हो.

खाणीभोवतीच्या 10 किलोमीटरच्या परिघात ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य येतंच. 2022 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, त्यामुळे त्याचा उल्लेख हवा. पण खाडीतले रोहित पक्षी आणि तुतवार डोंगराच्या यादीत घालून ती फुगवू नकोस. अशा यादीत खाणीलगतचं घुबड शंभराव्या ओळीत हरवतं. खाणीचा गाभा (म्हणजे प्रत्यक्ष खाण आणि तिच्या लगतची जागा), डोंगर आणि खाडी अशा तीन याद्या कर. प्रत्येकीवर किती तास, कुठल्या तारखा आणि किती माणसं हे लिही. दोन रात्री कॅमेरा लावून 'बिबट्या आढळला नाही' असं लिहिलंस, तर त्या दोन रात्री त्याच ओळीत दिसल्या पाहिजेत.

कच्च्या नोंदी पुढच्या आठवड्यात पाठव. टंकलेल्या नकोत, वहीचे फोटोच.