न्यू रिजीममध्ये सूट नाही, मग पीपीएफ बंद करू का?

हा प्रश्न हल्ली मला इतक्या वेळा येतो की एकदा नीट सांगूनच टाकते. 2025 च्या मार्चमध्ये नाशिकचं एक जोडपं आलं होतं, दादा अंबड एमआयडीसीत नोकरीला, वय 44, वर्षाचा पगार साडेतेरा लाख. वर्षभरापूर्वी न्यू रिजीम (इन्कम टॅक्स मोजायची नवी पद्धत) घेतली, त्यात 80सी म्हणजे गुंतवणुकीवरची करसूट नाही त्यामुळे एचआरने इन्व्हेस्टमेंट प्रूफ मागितलं नाही, आणि दादांनी पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीची बचत योजना) भरणंच सोडून दिलं. म्हणाले, "मॅडम, टॅक्स वाचतच नाही तर पैसे अडकवून काय करू?" वहिनी गप्प बसल्या होत्या, मग हळूच म्हणाल्या, "ताई, दरवर्षी भरायचो ते पैसे या वर्षी कुठे गेले तेच कळत नाहीये."

मला खरी काळजी वाटली ती या वाक्याने. टॅक्सच्या धाकाने का होईना, दहा वर्षं साठत होतं ना, धाक गेला आणि साठवणं थांबलं.

मी आधी पीपीएफचं सांगितलं. भरताना सूट नाही हे खरं, पण व्याज आणि शेवटी हातात येणारी सगळी रक्कम न्यू रिजीममध्येही करमुक्तच आहे. एफडीच्या व्याजाचं तसं नाही, ते उत्पन्नात धरलं जातं. आणि वर्षाला निदान 500 रुपये तरी भरावेच लागतात, नाहीतर खातं बंद पडतं. म्हटलं, 31 मार्चच्या आत तेवढे तरी भरा, बाकीचं नंतर बघू.

मग सॅलरी स्लिप बघितली आणि एक गोष्ट लक्षात आली जी त्यांना कोणीच सांगितली नव्हती. कंपनीमार्फत एनपीएस (निवृत्तीसाठीची राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर कंपनी भरते त्या रकमेवर, बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत, न्यू रिजीममध्येही सूट मिळते (स्वतः भरलं तर नाही, इथे खूप जण फसतात). दादांचं बेसिक महिन्याला 60,000, त्याचे 14 टक्के म्हणजे वर्षाला 1,00,800. एप्रिलपासूनच्या स्लॅबने साडेतेरा लाखातून स्टँडर्ड डिडक्शनचे (नोकरदारांना मिळणारी सरसकट वजावट) 75,000 वजा केले तरी 12.75 लाख उरत होते, म्हणजे सेस धरून 74,100 टॅक्स. त्याच पगारातले 1,00,800 एनपीएसकडे वळवले की उत्पन्न 11,74,200 वर येतं, बारा लाखांच्या आत, टॅक्स शून्य. महिन्याला 8,400 साठणार आणि हातातला पगार कमी होणार फक्त 2,225 ने! दादांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं.

दुसरी बाजूही मी सांगितलीच. हे पैसे साधारण साठीपर्यंत अडकतात, शेवटी 60 टक्के एकरकमी करमुक्त मिळतात पण उरलेल्यातून पेन्शन जी सुरू होते तिच्यावर टॅक्स लागतो. म्हणून मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात अजिबात टाकू नका म्हटलं, ते वेगळेच ठेवा. पीपीएफसुद्धा झेपेल तेवढंच भरा, दीड लाखाची कमाल मर्यादा गाठायचा हट्ट नको.

कंपनीत एनपीएसची सोय होती, फॉर्म भरून द्यायला कोणी सुचवलं नव्हतं एवढंच.

एप्रिलच्या 3 तारखेला वहिनींचा मेसेज आला, पीपीएफमध्ये 5,000 भरल्याची पावती आणि खाली लिहिलेलं, "ताई, 5 तारखेच्या आत भरलं की त्या महिन्याचं व्याज मिळतं ना, म्हणून आजच भरले."