हंगेरियन प्योर्कोल्ट आणि स्लो कुकर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : प्योर्कोल्टसाठी बीफ, कांदा, टोमॅटो, पाप्रिका (गोडसर लाल मिरचीची पूड) आणि दोन कप पाणी सकाळी स्लो कुकरमध्ये घातलं आणि कामावर गेले. संध्याकाळी मांस मऊ होतं, पण रस्सा पाणचट आणि फिका. काय चुकलं? (म्युनिक)

उत्तर : पाणी जास्त झालं आणि परतायचं राहिलं. स्लो कुकरमध्ये वाफ झाकणाला लागून परत आतच पडते, त्यामुळे काहीच आटत नाही. मांस आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात, त्यात तुमचे दोन कप. शिवाय ओल्या, मंद उष्णतेत काहीही खरपूस होत नाही. ‘प्योर्कोल्ट’ म्हणजे हंगेरीचं दाट रश्श्याचं मांस, आणि हा शब्दच भाजण्याच्या क्रियापदावरून आला आहे. भाजणंच वगळलं तर उरतं ते उकडलेलं मांस.

म्हणून पहिला पाऊण तास गॅसवरच. एक किलो मांसाला अर्धा किलो कांदा घ्या, कमी करू नका. तीन चमचे डुकराच्या चरबीत (परंपरा तीच, तेलही चालतं) बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर वीस मिनिटं परता. पातेलं गॅसवरून उतरवा, मगच तीन मोठे चमचे पाप्रिका घाला, हलवा आणि लगेच मांसाचे मोठे तुकडे आणि मीठ घालून पातेलं परत आचेवर ठेवा. मांसाला सुटलेलं पाणी आटेपर्यंत परतत राहा. हंगेरीत याला मांस ‘चरबीवर येईपर्यंत’ आटवणं म्हणतात. आपण ‘तेल सुटेपर्यंत’ म्हणतो, ते हेच. आता दोन लसूणपाकळ्या, एक टोमॅटो, एक ढोबळी मिरची, अर्धा चमचा कुटलेलं कॅरवे (शहाजिऱ्यासारखं बी) आणि फक्त अर्धा कप पाणी घालून सगळं स्लो कुकरमध्ये ओता. ‘लो’वर आठ तास. अधूनमधून झाकण उघडून बघायचा मोह आवरा, दर वेळी साठलेली उष्णता निघून जाते आणि वेळ वाढतो.

मैदा लावू नका. कांदा विरघळतो तोच रस्सा दाट करतो. तरीही पातळ वाटला तर रस वेगळा काढून उघड्या पातेल्यात आटवा. शेवटी अंगाबरोबर रस राहिला पाहिजे, वर लाल तवंग.

प्रश्न : महागाचा, चरबी नसलेला तुकडा आणला, तरी मांस कोरडं आणि दोऱ्यादोऱ्यांचं झालं. (लंडन)

उत्तर : तुकडा महाग होता म्हणूनच. हंगेरीत प्योर्कोल्टसाठी नडगीचं मांस पसंत करतात. त्यात शिरा आणि पांढरे पडदे भरपूर असतात, म्हणजे कोलॅजन. मंद उष्णतेत तासन्‌तास राहून त्याचं जिलेटिन होतं आणि तेच रश्श्याला ओठांना चिकटणारा गुण देतं. तुमच्या तुकड्यात विरघळायला काही नव्हतंच. खाटकाकडे ‘शिन’ मागा. खांद्याचं मांसही चांगलं.

प्रश्न : पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीपूड चालेल का? आणि माझा रस्सा कडू का होतो? (ठाणे)

उत्तर : कडूपणाचं आधी. पाप्रिकात साखर असते, गरम चरबीत ती काही क्षणांत करपते. पातेलं उतरवायला सांगितलं ते यासाठीच. पण चरबी हवीच, कारण पाप्रिकाचा लाल रंग तिच्यातच उतरतो.

मिरचीपुडीने रंग जवळपास तसाच येईल, पण गोडवा येणार नाही, आणि तीन मोठे चमचे घातली तर खाता येणार नाही. हंगेरीतल्या सेगेद आणि कालोचा या दोन गावांच्या पाप्रिकाचं नाव आहे. ‘एदेशनेमेश’ असं लिहिलेली गोड जात मिळाली तर तीच घ्या. डबा उघडल्यावर वास आला नाही तर ती जुनी झाली, टाकून द्या. (सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ताज्या पाप्रिका मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं केलं. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. त्या मिरचीचा मला आदर वाटतो त्याचं हेही एक कारण.) कॅरवेच्या जागी मात्र आपलं नेहमीचं जिरं घालू नका, सगळा रोख जिऱ्याकडे जातो. शहाजिरं जवळचं आहे.

प्रश्न : हे गुलाशच ना? (पुणे)

उत्तर : हंगेरीबाहेर यालाच गुलाश म्हणतात. हंगेरीत ‘गुयाश’ म्हणजे गुराखी, आणि त्याच्या नावाचा पदार्थ हे बटाटे घातलेलं पातळ सूप. दाट ते प्योर्कोल्ट. त्यात आंबट साय घातली की ‘पाप्रिकाश’, तेही बहुधा कोंबडीचं.

प्रश्न : महाराष्ट्रात राहतो. मटणाचं करता येईल? (नाशिक)

उत्तर : जरूर, आणि ती तडजोड नाही. मेंढीच्या मांसाचं ‘बिर्का-प्योर्कोल्ट’ हंगेरीतच, विशेषतः कार्त्सागकडे, मोठ्या प्रेमाने करतात. बोकडाचं मटणही चालेल. खांदा किंवा नळीचं, हाडासकट घ्या. ‘लो’वर सहा तासांनी तपासा.

प्रश्न : राजमा घालून ‘बाबगुयाश’ करायचं आहे. भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये घालू? (न्यू जर्सी)

उत्तर : नाही, मुळीच नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. थोडे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ते नष्ट व्हायला खळखळ उकळी लागते आणि स्लो कुकर तेवढा तापेलच असं नाही. अर्धवट तापलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही वाईट. रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा किंवा सरळ प्रेशर कुकरला लावा. शिजलेला राजमा शेवटच्या तासाभरात घाला.

प्रश्न : सोबत काय करावं? (बंगळुरू)

उत्तर : नोकेद्ली. अंडं, मैदा, मीठ, पाणी यांचं सैलसर पीठ भोकांच्या किसणीतून उकळत्या पाण्यात पाडायचं, वर तरंगलं की काढायचं. आणि काकडीची आंबटगोड कोशिंबीर. पाव असेल तर रस पुसून खायला तोही घ्या.