बँड सोड, ड्रमरचा माग काढ

ठाणे (पश्चिम)

अनेक आशीर्वाद.

तुझी अडचण नीट कळली. लेड झेपेलिन, क्रीम, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड या जुन्या रॉक बँडांच्या पलीकडचं काही ऐकायचंय, पण ॲप ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून जे काढून देतं ते फिरून त्याच ठरलेल्या गाण्यांवर येतं. यात तुझ्या कानांचा काही दोष नाही. तुझ्यासारखी गाणी ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात, हे ॲप मुख्यतः बघतं. जुना रॉक ऐकणारे बहुतेक जण जुना रॉकच ऐकत बसतात, मग ॲप तरी दुसरं काय देणार?

आधी एक काम कर. ‘मला रॉक आवडतो’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेव. सगळ्यात आवडती दहा गाणी घे आणि प्रत्येकात अंगावर काटा येतो ती जागा मिनिट-सेकंदांसकट वहीत लिही. त्या जागी नेमकं कोण काय वाजवतंय तेही लिही: ड्रम, बास, ऑर्गन, गिटारचा फाटलेला आवाज, की नुसता गळा. दहातल्या निम्म्या नोंदी तरी एकाच वाद्याकडे बोट दाखवतील. पुढची वाट त्या वाद्यातून जाते, बँडच्या नावातून जात नाही. बँडच्या नावामागे गेलीस तर त्या बँडची नक्कल करणारे बँड मिळतील. वादकामागे गेलीस तर तो ज्यांच्याकडून शिकला आणि ज्यांच्याबरोबर बसला ते लोक भेटतील.

तुझ्या पत्रात ड्रमचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, म्हणून ड्रमचीच वाट सविस्तर सांगतो.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ घे, लेड झेपेलिनच्या १९७१च्या चौथ्या अल्बममधलं. त्यातला ड्रम एवढा मोठा का वाटतो? हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात बँडचा ड्रमर जॉन बॉनहॅम याचा ड्रमसेट जिन्याच्या पायथ्याशी, उंच छताच्या प्रवेशदालनात ठेवला होता आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने जिन्यावरून दोन माइक खाली सोडले होते. ड्रमच्या अगदी जवळ माइक न लावल्यामुळे त्या जागेची घुमार आवाजात आली, वर एको यंत्राची भर पडली. म्हणजे तुला आवडतो तो नुसता ठोका नाही, त्यात ती जागाही आहे. हे एकदा कळलं की पुढचं शोधणं सोपं जातं.

या गाण्यापासून दोन वाटा फुटतात. एक मागे जाते. हे गाणं मुळात कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांनी १९२९ साली मुद्रित केलेलं, मिसिसिपी नदीच्या १९२७च्या महापुरावरचं. त्यात ड्रम नाहीतच. दोन गिटार आणि एक गळा. पहिल्यांदा ऐकताना निराशा होईल. खरखर जास्त, आवाज पातळ. ते इअरफोनवर ऐकू नकोस, खरखर थेट कानात भरते. घरात साध्या स्पीकरवर, बेताच्या आवाजात लाव आणि फक्त खालच्या तारांवरचा अंगठा ऐक. ड्रमचं काम तोच करतोय. इथून पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या अली फार्का तुरे या गिटारवादकाकडे जा. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचा त्याचा ‘टॉकिंग टिंबक्टू’ (१९९४) हा सोपा उंबरठा आहे. त्यानंतर सहाराच्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा तिनारिवेन हा बँड, ‘अमान इमान’ (२००७). आणि तिथे मन रमलं तर एमडू मोक्तारचा ‘आफ्रीक व्हिक्टिम’ (२०२१), ज्याची गिटार ऐकून जुन्या रॉकचा माणूस हमखास उठून बसतो.

दुसरी वाट आडवी जाते, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची आहे. क्रीमचा ड्रमर जिंजर बेकर पुढे नायजेरियात गेला, १९७१ साली तिथला गायक-वादक फेला कुटी याच्याबरोबर त्याचा ‘लाइव्ह!’ हा अल्बम आला, आणि लागोसमध्ये त्याने स्टुडिओही काढला. फेलाच्या बँडचा स्वतःचा ड्रमर होता टोनी ॲलन. ड्रम आवडणाऱ्या माणसाने हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. सुरुवात बेकरच्या अल्बमपासून कर, कारण एक ओळखीचा माणूस सोबत असतो. मग फेलाचं ‘झोम्बी’ (१९७६) ऐक.

इथे काय चुकतं तेही सांगतो. रॉकच्या कानाला दोन मिनिटांत गायक हवा असतो. फेलाकडे गाणं बारा-पंधरा मिनिटांचं असतं आणि गळा यायला चार-पाच मिनिटं सहज लागतात. तोवर लोक कंटाळून पुढे ढकलतात. ढकलू नकोस. आणि ड्रममध्ये सम शोधत बसू नकोस, कारण टोनी ॲलनचे दोन हात आणि दोन पाय चार वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतात. बॉनहॅमसारखा एक भक्कम ठोका हाताला लागत नाही. त्याऐवजी एका गिटारवर एक छोटा तुकडा अखंड फिरत असतो, तो पकड. पायाने चार मोजत राहा. तुकडा पक्का बसला की मग कान ड्रमकडे वळव. दोन-तीन वेळा ऐकल्यावर सगळं एकमेकांत अडकलेलं दिसायला लागतं, आणि त्यानंतर बराच रॉक थोडा सपाट वाटेल. काही दिवसांत ते जातं, घाबरू नकोस.

बाकीच्या वाटा थोडक्यात. ऑर्गन आवडत असेल तर डीप पर्पलच्या जॉन लॉर्डकडून जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या ‘बॅक ॲट द चिकन शॅक’ या अल्बमकडे जा, तिथे बास वाजवणारा माणूसच नाही, बासही ऑर्गनवरच चालतो. पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज’सारखी लांब रचना आवडत असेल तर जर्मनीच्या कॅन या बँडचा ‘टॅगो मॅगो’ (१९७१) आणि तिथल्याच नॉय या बँडचा पहिला अल्बम (१९७२). नुसता गिटारचा फाटका आवाज हवा असेल तर झांबियाचा विच हा बँड. तुर्कस्तानचे एर्किन कोराय आणि सेल्दा बाजान मात्र जरा सावकाश घे. तिथल्या स्वरांत गिटारच्या बारा पडद्यांमध्ये न बसणाऱ्या जागा आहेत, त्यामुळे पहिल्यांदा सूर हलल्यासारखा वाटतो. घरात दरबारीचा आंदोलित गंधार कानावर पडलेला असेल तर मात्र तुला अडचण येऊ नये.

आता ऐकण्याची रीत. शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळवण्याची ॲपची सोय, शून्यावर, नाहीतर अल्बममध्ये मुळातच जोडलेली गाणी बिघडतात. गाणं संपल्यावर ॲप आपोआप पुढचं लावतं तेही बंद कर. नव्या अल्बमनंतर लगेच ओळखीचं गाणं सुरू झालं की नव्याचा ठसा पुसला जातो. ठाणे-वाशी लोकलमध्ये साधारण अर्धा तास मिळतो आणि एलपीची एक बाजू असते वीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे जाताना एक बाजू, येताना दुसरी. पण एकच इअरफोन घालून ऐकू नकोस. साठच्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ मुद्रणांत ड्रम एका कानात आणि गळा दुसऱ्या कानात असतो. एक कान मोकळा ठेवलास की अर्धा बँड गाडीखाली गेला. इअरफोनची रबरी टोपी कानात नीट बसली नाही तर बास पहिला नाहीसा होतो, म्हणून खोक्यात मिळणाऱ्या तीन मापांपैकी योग्य माप आधी शोध. लोकलची घरघर खालचे सूर झाकते आणि आपण नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. फोनमध्ये ही मोजदाद दिसत असेल तर आठवड्यातून एकदा बघ.

आठवड्याला एकच नवा अल्बम, आणि तो तीनदा. पहिल्यांदा प्रवासात, काहीही न ठरवता. दुसऱ्यांदा घरी स्पीकरवर, फक्त तुझं वाद्य धरून. तिसऱ्यांदा दोन-तीन दिवसांनी, दुसरं वाद्य धरून. तिसऱ्या वेळेलाही एकही जागा लक्षात राहिली नाही तर सोडून दे, वहीत ‘पुढच्या वर्षी’ असं लिही. एका दिवसात पाच अल्बम ऐकणाऱ्याला संध्याकाळी एकही आठवत नाही.

अल्बम आवडला की त्याची श्रेयनामावली, म्हणजे कोणी काय वाजवलं ते, बघ: ॲपमध्ये गाण्याच्या तीन टिंबांत, किंवा अल्बमांची माहिती देणाऱ्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर. वादकाच्या नावावर टिचकी मारली की त्याने आणखी कुठे वाजवलं त्याची यादी उघडते. त्यातलं सगळ्यात अनोळखी वाटणारं नाव पुढच्या आठवड्याला घे. इथे दोन खड्डे आहेत. ॲपवर दिसणारं साल बरेचदा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यामुळे १९२९चं गाणं २०००नंतरचं दिसतं. आणि जुन्या कलाकारांची म्हातारपणी पुन्हा गायलेली गाणी त्याच नावाने टाकलेली असतात. मूळ मुद्रणाचं साल ताडून मगच ऐक.

माणसांनी निवडलेलं संगीत हवं तर रेडिओ. फ्रान्सच्या एफआयपीवर जाहिराती नसतात आणि जॅझनंतर रॉक, रॉकनंतर आफ्रिकन असं बिनदिक्कत चालतं. सिएटलच्या केईएक्सपीवर सकाळ सुरू होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ-नऊ वाजलेले असतात, जेवणानंतर सोयीचं.

प्रत्यक्ष कार्यक्रमांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू २०१९ साली आणि कोल्डप्ले २०२५ साली येऊन गेले. अशा ठिकाणी लोक पाठ असलेली गाणी म्हणायला जातात, अनोळखी काही तिथे सापडत नाही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत साधारण फेब्रुवारीत होणारा महिंद्रा ब्लूज महोत्सव त्यापेक्षा उपयोगी. आणि तुझ्यासारख्या ड्रमवेडीने सगळ्यात आधी एकल तबलावादन ऐकावं. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ मुद्रित करून गेले, ते मुद्रण २०१५ साली त्यांच्या ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत निघालं. त्यांनी एवढा प्रवास केला, तुला तर रिक्षाने जाता येईल. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह यांच्या जाहिराती बघत राहा. कार्यक्रमात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे एकच छोटी धून, अखंड फिरत असतो. फेलाकडे गिटारचा तुकडा धरलास तसाच तो धर, तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोज, आणि तबला त्यापासून लांब जाऊन समेवर कसा परततो ते बघ. सुरुवातीचा पेशकार, म्हणजे वादनाची पहिली रचना, संथ असतो, तेव्हा चहाला उठू नकोस. पुढचे कायदे (ठरावीक बोलांचा विस्तार) आणि रेले (वेगात वाहणारे बोल) कळायला तोच लागतो.

सस्नेह.