डुकराच्या कातडीवर पीएचडी करायला बाहेर येतेयस तर

ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगं करते. तुझा प्रश्न मला समजला तो असा की व्हेटर्नरीची डिग्री झालीय, मास्टर्स ॲनिमल जेनेटिक्समधे, आता जर्मनीतल्या हानोव्हरच्या एका ग्रुपने पीएचडीसाठी विचारलंय, प्रोजेक्ट जीन-एडिटेड डुकराच्या कातडीचा, भाजलेल्या पेशंटना तात्पुरती लावायला. आणि तुला धाकधूक ही की एकदा सर्जनच्या गोतावळ्यात शिरलं की पुढे फूड सेफ्टीत जाता येईल का, की धड ना इकडचं ना तिकडचं. शिवाय जर्मनी की अमेरिका हे आहेच.

मला इथे येऊन नऊ वर्षं झाली, आधी जेनेटिक्स, मधे दोन वर्षं फूड लॅब, आता परत टिश्यूकडे. लांबलचक होणारे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे जेनेटिक्स, सर्जरी आणि फूड सेफ्टी ही तीन वेगळी फील्ड्स आहेत हे डोक्यातून काढ. अल्फा-गॅलचंच घे. डुक्कर, गाय, मेंढी यांच्या पेशींवर ही एक साखर असते, ती जोडायचं काम जीजीटीए१ हे जीन करतं. माणसात आणि एप्समधे ते जीन बंद पडलेलं आहे, त्यामुळे आपल्या शरीराला ती साखर परकी, आणि आतड्यातल्या बॅक्टेरियांवर तसलीच साखर असल्यामुळे तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडी आपल्याकडे आयत्याच तयार असतात. साध्या डुकराचा अवयव माणसाला लावला की बघता बघता काळानिळा पडतो तो मुख्यतः यांच्यामुळे. हे झालं सर्जरीचं. आता काही जातीच्या गोचिड्या चावल्या की याच साखरेविरुद्ध आयजीई (ॲलर्जीवाली अँटीबॉडी) तयार होतं आणि मग रेड मीट खाल्लं की लगेच नाही, दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, काहींना थेट ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन. हे झालं फूड ॲलर्जीचं. आणि गंमत म्हणजे हे धागे जुळले कशावरून तर सेटुक्सिमॅब या कॅन्सरच्या औषधावरून, उंदराच्या पेशींत बनवलेलं औषध, पहिल्याच डोसला काही पेशंट कोसळायला लागले म्हणून शोधाशोध झाली, २००८ साली त्यावर पेपर आला. म्हणजे जीन एकच, आणि कपाळाला हात लावणारे डिपार्टमेंट तीन.

म्हणून १४ डिसेंबर २०२० ला एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, गॅलसेफ डुकराला (ज्याच्यात ही अल्फा-गॅल साखर नसते) मान्यता दिली ती खाण्यासाठी आणि औषधी वापरासाठी अशी दोन्हीला एकदम दिली, जीन बदललेला असा तो पहिलाच प्राणी. पण बारीक अक्षरातलं वाच. अल्फा-गॅलची ॲलर्जी असलेल्यांना हे मांस चालेल असं एफडीएने म्हटलेलं नाही, कारण कंपनीने तो डेटा दिलाच नव्हता. इंटरव्ह्यूला हा एवढा मुद्दा काढलास तरी समोरचे खुर्चीत सरसावून बसतील, कारण निम्म्या उमेदवारांनी फक्त हेडलाइन वाचलेली असते.

कातडीचं म्हणशील तर बॉस्टनमधे २०१९ च्या ऑक्टोबरमधे मॅसॅच्युसेट्स जनरलला एका भाजलेल्या पेशंटवर असल्याच डुकराच्या जिवंत कातडीचा ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा लावला, शेजारी नेहमीची मृत दात्याची कातडी, पाच दिवसांनी दोन्ही काढून बघितलं तर दोन्ही सारख्याच चिकटलेल्या. बास, एवढंच. तुझी तीन-चार वर्षं साधारण अशाच मापाच्या तुकड्यांवर जाणारेत हे आधीच मनाशी धर. उंदीर का चालत नाही हे तुला कोणीतरी विचारेलच: उंदराची कातडी सैल, जखम आक्रसून बंद होते, डुकराची माणसासारखी खाली घट्ट बसलेली, तिथे नवीन एपिडर्मिस, म्हणजे कातडीचा वरचा थर, कडेकडेने सरकत येते.

आता देश. जेनेटिक्सवाली म्हणून सांगते, नकाशा बघू नकोस, कायदा बघ. अमेरिकेत जीन बदललेला प्राणी बाजारापर्यंत पोचू शकतो: २०१५ ला सालमन, २०२० ला गॅलसेफ, २०२५ च्या एप्रिलमधे पीआरआरएस या डुकरांच्या रोगाच्या व्हायरसला दाद न देणारं डुक्कर. युरोपात २५ जुलै २०१८ च्या कोर्टाच्या निकालाने जीन-एडिटेड म्हणजे जीएमओच (जीन बदललेला जीव) असं ठरलं, आणि खाण्यासाठी एकही जीएम प्राणी इथे मंजूर नाही. पण म्हणून युरोप मागे असं म्हणू नकोस, मेडिकल बाजूने इथे भरपूर चालतं, फक्त डुक्कर ताटात जात नाही, मेल्यावर त्याचा ग्रॅम न ग्रॅम हिशोबाने विल्हेवाटीला जातो. इंग्लंडने २०२३ ला जीन-एडिटिंगसाठी वेगळा प्रिसिजन ब्रीडिंग कायदा केला, पण तिथेही आधी वनस्पती, प्राण्यांचा नंबर मागे. थोडक्यात तुला एडिटेड जनावर शेतात बघायचं असेल तर अमेरिका, पेशंटजवळ बघायचं असेल तर दोन्हीकडे सोय आहे. अमेरिकेला गेलीसच तर जे-१ व्हिसावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट तुला लागते का ते सही करायच्या आधी बघ, नंतर नाही.

हानोव्हर मात्र या कामासाठी खरंच सोयीचं आहे, हे मी इथे राहते म्हणून म्हणत नाहीये. मेडिकल स्कूल आहे, १७७८ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, आणि जवळच मारिएनझेला सरकारी फार्म ॲनिमल जेनेटिक्सची संस्था आहे. वर आणखी एक: लोअर सॅक्सनी राज्यात ॲनिमल एक्सपेरिमेंटची परवानगी देणारं आणि फूड सेफ्टीची तपासणी करणारं खातं एकच, लावेस, ओल्डेनबुर्गला. तुझा अर्ज जिथे जातो तिथलेच लोक मांसाचे नमुनेही तपासतात. ओळखी आपोआप होतात गं.

आणि आता ती परवानगी, यावर मी जास्त लिहिणारे कारण इथेच माझे हात पोळलेत. ईयूच्या नियमाप्रमाणे अर्जाचं उत्तर ४० कामाच्या दिवसांत यायला पाहिजे. ऐकायला छान. पण ते ४० दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज पूर्ण झाल्यापासून, आणि पूर्ण झाला की नाही हे तेच ठरवतात. मी ज्या पहिल्या ग्रुपमधे आले तिथे इंटरव्ह्यूला "परवानगी प्रोसेसमधे आहे" असं सांगितलं होतं, आल्यावर कळलं की अर्ज अजून लिहायचाय आणि तो मीच लिहायचाय, जर्मनमधे, आणि माझं जर्मन तेव्हा बेकरीत पाव मागण्याइतपत. किती डुकरं लागणार, इतकीच का, कमी का नाहीत, वेदना कोणत्या पातळीची, पेनकिलर कुठलं किती वाजता, हे सगळं प्रत्येक जनावराच्या हिशोबाने. तीनदा परत आला. आठ महिने मी कसाईखान्यातून आणलेले कान घेऊन बसले होते, फ्रीजरमधे लेबलं लावत, आणि काँट्रॅक्टचं घड्याळ मात्र चालूच. नंतर कळलं की माझ्या आधीच्या मुलाचंही हेच झालं होतं, कोणी बोललं नाही. बरं, परवानगी आली तरी तू स्वतः जनावराला हात लावायला वेगळा कोर्स लागतो, तुझी व्हेटर्नरी डिग्री धरतात पण कागद दाखवल्यावर, तो आधीच भाषांतर करून आण.

फूड सेफ्टीची काळजी करतेयस, तर माझा अनुभव उलटा आहे. काँट्रॅक्ट संपल्यावर नाइलाजाने फूड लॅबमधे गेले, ट्रायकिनेला (मांसातून येणारा जंत), हेपटायटिस ई (लिव्हरचा व्हायरस), असलं काम. ट्रायकिनेला म्हणजे प्रत्येक डुकराच्या डायफ्रॅमचा एक ग्रॅम, शंभर डुकरांचे मिळून शंभर ग्रॅम, पेप्सिन आणि ॲसिडच्या कोमट पाण्यात ढवळत ठेवायचं, मग गाळून मायक्रोस्कोपखाली गुंडाळलेल्या अळ्या शोधायच्या, आणि बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि तेच चांगलं असतं. मला वाटायचं आपण वाया चाललोय. मग २०२२ च्या जानेवारीत मेरीलँडला एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं, दोन महिन्यांनी तो गेला, आणि त्या हृदयात डुकराचा सायटोमेगालोव्हायरस निघाला, आधीच्या टेस्टमधे निसटलेला. त्यानंतर ट्रान्सप्लांटवाल्यांना अचानक असे लोक हवेसे वाटायला लागले ज्यांना डुकरातला लपलेला व्हायरस शोधता येतो, नाकातला स्वॉब पुरत नाही, अँटीबॉडीही बघाव्या लागतात हे ज्यांना सांगावं लागत नाही. हेपटायटिस ई तर दोन्हीकडे सारखाच, अर्धकच्च्या डुकराच्या मांसातूनही येतो आणि ग्राफ्टमधूनही, म्हणजे लावलेल्या अवयवातून किंवा कातडीतूनही, येऊ शकतो. माझी आत्ताची नोकरी त्या "वाया गेलेल्या" दोन वर्षांवर मिळालेली आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेव. रिसर्चला लायसन्स लागत नाही, पण सरकारी मीट इन्स्पेक्शनला किंवा प्रॅक्टिसला जर्मन अप्रोबात्सिओन, म्हणजे तिथलं लायसन्स, लागतं, त्याला परीक्षा आणि चांगलं जर्मन. तुझ्या एमबीबीएस मैत्रिणीचंही तेच, लॅबमधे डुकरावर टाके घालेल, पण पेशंटला हात लावायचा तर आधी लायसन्स आणि डॉक्टरांची ती भाषेची परीक्षा. तू पहिल्या वर्षापासून जर्मन धर, लॅबमधे सगळे इंग्रजी बोलतात या भरवशावर राहू नकोस, डुकरं सांभाळणारे काका बोलत नाहीत आणि रात्री कुठलं डुक्कर जेवलं नाही हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

काँट्रॅक्टचं पटकन सांगते. पीएचडीला बहुतेक ६५ टक्के पगार आणि शंभर टक्के काम, हे इथे सगळे हसून सांगतात. आणि युनिव्हर्सिटीत टेम्पररी नोकरीला मर्यादा आहे, पीएचडीआधी ६ वर्षं, नंतर ६, मेडिसिनमधे नंतरची ९.

तर हो म्हणायच्या आधी त्यांना मेल कर आणि तीनच गोष्टी विचार: परवानगी मंजूर आहे का आणि कुठल्या तारखेपर्यंत, डुकरं स्वतःची आहेत की दुसऱ्या संस्थेकडून येणार, आणि आधीच्या दोन पीएचडीवाल्यांशी बोलता येईल का. "लवकरच होईल" टाइपचं मोघम उत्तर आलं तर मला कळव, याच शहरात आणखी एक ग्रुप मला माहितीये जिथे परवानगी आणि डुकरं दोन्ही जागेवर आहेत.