मीटिंगला जाताना कोणी पाहिलं तर?

"दारू सोडायची आहे, पण त्या मीटिंगला नको. गावात सगळे ओळखतात." किनारपट्टीवर समुपदेशन करताना अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगबद्दल हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं, की समोरचा खुर्चीत टेकला की ते कधी येतंय एवढंच बघायचं असतं. भीती खोटी नाही. मुंबईत माणूस दोन स्टेशनं पुढे गेला की अनोळखी होतो, इथे एसटीचा कंडक्टरही विचारतो, "आज खंय?"

असेच एक गृहस्थ आले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, तांडेल म्हणू. बोटीवर असताना कमी, बंदरावर आले की जास्त, आणि 1 जूनला मासेमारीबंदी लागली की रोज. देवळात गाऱ्हाणं घालून, शपथ घेऊन झाली होती. होळीला मोडली.

"मीटिंगला लोकांनी बघितल्यानी तर?"

"लोक म्हणजे कोण? नावं लिहा."

चार नावं झाली.

"यातल्या कोणाला तुमचं पिणं माहीत नाही?"

बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हेनीच माका बंदरावरसून घराक हाडल्यानी."

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, बघा, सगळ्यांना माहीतच आहे, मग लाज कसली? मला ते पुरेसं वाटत नाही. अनेकांशी बोलून एक गोष्ट ध्यानात आली आहे: पिताना कोणी बघेल याची लाज त्यांना फारशी नसते, सोडताना बघेल याची असते. पुढच्या भेटीत विचारलं, "कोणी बघितलं, तर तुमचं काय जाईल?" उत्तर खाली बघून आलं. "सोडतंय म्हणून सगळ्यांका कळला, आणि परत पिलंय, तर तोंड खंय दाखवू?"

म्हणजे भीती बघितलं जाण्याची नव्हतीच, पुन्हा शपथ मोडण्याची होती. विचार असा उलगडला, की उपदेशाची गरज निम्मी होते. कारण अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये (सगळे एए म्हणतात) शपथ घेतच नाहीत. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या या मंडळींची सदस्यत्वाची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. वचन आजन्माचं नाही, फक्त आजच्या दिवसाचं. तांडेलांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, "सही करूची नाय ना?" नाही. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते. नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. नावापुढे "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी पुरे.

आता गट शोधायचा कसा. 14446 हा नशामुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जवळचा गट विचारा. एएचा क्रमांक मिळाला, की फोनवर पाच गोष्टी विचारा: वार, वेळ, भाषा, कोणत्या थांब्याजवळ, आणि मीटिंग खुली की बंद. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात, बंदला फक्त दारूचा त्रास असलेले. सहावी गोष्ट कोकणातच विचारावी लागते: मीटिंग सुटल्यावर परतीची एसटी आहे का? शेवटची गाडी चुकली, की माणूस स्टँडवर अडकतो, आणि स्टँडसमोर बार असतो. आपल्या गावात जाणं नकोच वाटत असेल, तर शेजारच्या तालुक्याचा गट धरा. जवळपास काहीच नसेल, तर ऑनलाइन मीटिंगा आहेत. बंदीच्या महिन्यांत रोज बसता येतं.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. दोन-तीन वेळा त्याच गटात जा, न पटल्यास दुसरा बघा. निघताना दोघा-तिघांचे मोबाइल नंबर घ्या. फोन पहिला पेला हातात घेण्याआधी करायचा, नंतर नाही. शिमगा, जत्रा, गणपतीला आलेले चाकरमानी, हे दिवस आधीच सांगून ठेवा. आणि गटाच्या नावाखाली कोणी भरतीचे पैसे मागू लागला, तर तो एए नव्हे.

एक इशारा मात्र आधी. सकाळी उठल्या-उठल्या हात थरथरत असतील, प्यायल्याशिवाय थांबत नसतील, तर दारू एकदम तोडून मीटिंगला जाऊ नका. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस नसलेलं बघू लागतो. त्यात जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग गट. दारू सोडवायची गोळी गुपचूप आमटीत घालणाऱ्या घरांनाही हेच सांगते: डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली, तर रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तांडेलांच्या पत्नीने तिसऱ्या भेटीत विचारलं, "हे नाय गेले तर मी काय करू?" कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट वेगळे असतात. तिथे जायला नवऱ्याचा होकार लागत नाही, तो पीत असतानाही जाता येतं. ती त्याच आठवड्यात गेली, तांडेल नंतर.